मावशीनं बांधलेले मणी

डेट्रॉइटजवळच्या ट्रॉय गावातल्या कम्युनिटी सेंटरमधल्या मोठ्यांच्या स्विमिंग क्लासला मी नाव घातलं ते गुडघ्यांमुळे. डॉक्टर म्हणाले होते, चालण्यापेक्षा पाण्यात व्यायाम करा. मी तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची होते. नवरा एका मोटार कंपनीत, मुलगी ॲन आर्बरला कॉलेजात, आणि मी मोटारींच्या सीटचं सॉफ्टवेअर तपासणाऱ्या टीममध्ये. बटण दाबल्यावर सीट मागे जाते का, पाठ नीट गरम होते का, हे दिवसभर खुर्चीत बसून बघणं हे माझं काम.

पाण्याची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती लॉकर रूमची होती. तिथे बायका गप्पा मारता मारता कपडे बदलतात. मी मात्र टॉयलेटचं दार लावून, ओल्या फरशीवर एका पायावर उभी राहून, सलवार दातात धरून स्विमसूट चढवायचे. बाहेर येताना अंगाभोवती टॉवेल असायचाच. मुलीच्या वेळचं सिझेरियन आणि नंतर गर्भाशयातल्या गाठींचं ऑपरेशन, असे दोन व्रण माझ्या पोटावर आहेत. त्यानंतर मी पोटाकडे बघणंच सोडून दिलं होतं. कुर्ते सैल घ्यायचे, फोटोत कुणाच्या तरी मागे उभं राहायचं, एवढीच काय ती पोटाची दखल.

क्लासमध्ये एक उंच, रुंद बांध्याची बाई होती. सत्तरीच्या आसपासची, पांढरे केस अगदी बारीक कापलेले. ती मूळची घानाची. डेट्रॉइटच्या एका शाळेत बरीच वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेली, नवरा जाऊन काही वर्षं झालेली. तिलाही माझ्यासारखंच पोहता येत नव्हतं, पण तिला त्याची लाज वाटत नव्हती. नाकातोंडात पाणी गेलं की ती मोठ्यांदा खोकायची, हसायची आणि परत पाण्यात तोंड घालायची. क्लासमधल्या तरुण मुली तिला आंटी म्हणायच्या. मीही म्हणायला लागले आणि कधीतरी आंटीची मावशी झाली. मावशी म्हणजे आईची बहीण, हे मी तिला सांगितल्यावर ती म्हणाली, मग तेच बरं, आंटी तर मी दुकानातल्या पोरासाठीही असते.

तिच्या स्विमसूटखाली कमरेभोवती काहीतरी असायचं. ओल्या कापडातून बारीक बारीक उंचवट्यांच्या ओळी दिसायच्या. हर्नियाचा पट्टा असेल असं मला वाटलं. एकदा ती लॉकरसमोर अंग पुसत उभी होती तेव्हा नीट दिसलं. बेंबीच्या खाली मण्यांचे तीन सर. एक मधासारख्या पिवळ्या रंगाचा, एक निळा आणि एक पांढरा, त्यावर बारीक लाल रेघा. टॉवेल फिरला की ते एकमेकांवर आपटून हळू वाजायचे. माझी नजर तिथेच अडकली होती आणि ते तिला कळलं.

"लांबून काय बघतेस?" ती म्हणाली. "जवळ येऊन बघ."

मी ओशाळले, पण गेले. तिनं सांगितलं की तिच्या भाषेत याला तोमा म्हणतात. बाळाचं नाव ठेवताना त्याच्या कमरेला मणी बांधतात आणि ते घट्ट व्हायला लागले की बाळ भरतंय हे आईला कळतं. मुलगी मोठी झाली की तिचे वेगळे, लग्न झालेल्या बाईचे वेगळे. ते कपड्यांच्या आत असतात, कुणाला दाखवण्यासाठी नसतात. तिच्या माहेराकडे ते फुटक्या बाटल्यांच्या काचेची पूड करून, मातीच्या साच्यात भरून भट्टीत भाजतात. तिच्या कमरेवरचा पिवळा सर तिच्या आईच्या मण्यांचा होता. धागा जुना झाला की ती तेच मणी नव्या धाग्यात ओवायची.

मी तिला आमच्याकडचा बाळाच्या कमरेचा काळा करदोटा सांगितला. ती खूश झाली. मग म्हणाली, "मग मोठ्या झाल्यावर सोडता कशाला?"

मी कपडे उचलून टॉयलेटचं दार लावायला गेले.

त्या हिवाळ्यात क्लासमध्ये आम्ही पाठीवर तरंगायला शिकत होतो. आमची शिक्षिका मुलीच्या वयाची होती, फार धीराची. ती म्हणायची, पोट वर आणा, श्वास पोटात घ्या. सगळ्यांना जमलं, मला जमेना. माझं मधलं अंग खाली जायचं आणि मी दुमडून उभी राहायचे. पोट वर आणायचं म्हणजे नेमकं काय आणायचं, हेच मला समजत नव्हतं. मान कुठे आहे ते कळायचं, गुडघे तर ओरडून सांगायचे, पण मधे काय आहे ते विचाराल तर काहीच नाही. हे मी मावशीला गाडीपाशी बर्फात उभी राहून सांगितलं. ती म्हणाली की येत्या शनिवारी घरी ये.

तिचं घर छोटं आणि फार गरम. हीटर जोरात, खिडक्या बंद, स्वयंपाकघरात दाण्याच्या रश्श्याचा वास. तिच्याकडे दाणे वाटून, टोमॅटो घालून सूप करतात. मी चाखलं आणि म्हणाले की यात थोडं आमसूल हवं. पुढच्या वेळी मी आमसूल घेऊन गेले आणि तिला ते पटलं. पण त्या दिवशी टेबलावर मण्यांच्या वाट्या होत्या. तिनं माझ्या कमरेभोवती कुर्त्यावरूनच दोरा धरून माप घेतलं. मी सवयीनं पोट आत ओढलं. तिनं दोरा सोडला आणि ताठ उभी राहिली.

"पोट सोड," ती म्हणाली. "मी तुझं माप घेतेय. तू जे दाखवतेस त्याचं नाही."

मी पोट सोडलं. माझे डोळे भरून आले. रडण्यासारखं तसं काही झालं नव्हतं. तिनं दोरा परत धरला.

मी गडद हिरवे मणी निवडले, मधे मधे तिनं आपल्या मनानं पांढरे घातले. ओवायला तिला दुपार लागली. मधे तिच्या मुलाचा पार पश्चिम किनाऱ्याकडच्या बेलव्ह्यूहून फोन आला, तोही तिनं मणी ओवत ओवतच घेतला. मग तिनं मला कुर्ता वर धरायला सांगितलं आणि सर कमरेला बांधला. गाठ मारताना तिच्या भाषेत काहीतरी पुटपुटली. अर्थ विचारला तर म्हणाली, काही नाही, एवढी बारीक गाठ डोळ्यांना दिसत नाही म्हणून स्वतःवरच चिडत होते.

घरी गेल्यावर दोन गोष्टी झाल्या. पहिली, मी पोळ्या लाटत असताना नवऱ्यानं विचारलं की काय वाजतंय. मी सांगितलं. त्यानं बघितलं, आणि अंगठीला बोट लावावं तसं एका मण्याला बोट लावून म्हणाला, छान आहेत. तो कमी बोलणारा माणूस आहे. त्याचं ते "छान आहेत" मला बरेच दिवस पुरलं. दुसरी, मुलीला व्हिडिओ कॉलवर सांगितलं. ती म्हणाली, "मॉम, आर यू शुअर इट्स ओके? इट्स नॉट अवर कल्चर." ती इथे जन्मलेली. अशा बाबतीत ती माझ्यापेक्षा जास्त विचार करते आणि मला त्याचा रागही येत नाही. मी तो प्रश्न जसाच्या तसा मावशीपुढे ठेवला.

मावशीला प्रश्न आवडला. पोरगी शहाणी आहे, म्हणाली. "दुकानातून घेऊन मिरवायला निघाली असतीस तर मीही हेच विचारलं असतं. पण हे मी बांधलेत. कुणी विचारलं तर कुणी बांधले ते सांग. आणि दाखवत फिरू नकोस, ते तुझ्यासाठी आहेत."

मणी अंगावर असणं म्हणजे काय, हे हळूहळू कळत गेलं. मी खुर्चीत वाकडी बसले की ते एका बाजूला रुतायचे आणि मी सरळ व्हायचे. जेवण जास्त झालं की घट्ट वाटायचे. मीटिंगमध्ये कुणी माझ्या कामात खोट काढली की ते एकदम सैल व्हायचे. याचं मला नवल वाटलं. मग लक्षात आलं की अशा वेळी मी पोट आत ओढून श्वास धरून बसते. किती वर्षं बसत असेन कोण जाणे. आता सर सैल झाला की मी श्वास सोडायचे, आणि तो परत त्वचेला टेकायचा. इतकं साधं होतं ते. पाण्यात तर त्याचा फारच उपयोग झाला. पाठीवर पडल्यावर मण्यांची ओळ कुठे आहे ते मला कळायचं, आणि ती ओळ छताकडे न्यायची एवढंच लक्षात ठेवायचं. मार्चमध्ये एका सकाळी मी तरंगले. कान पाण्यात, डोळे छतावरच्या दिव्यांकडे, खाली कुणाचा हात नाही. शेजारी मावशी तरंगत होती आणि शिक्षिकेनं सांगूनही हसणं थांबवत नव्हती, त्यामुळे ती बुडाली.

लॉकर रूममध्ये मी टॉयलेटमध्ये जाणं कधी बंद केलं ते आठवत नाही. एकदा माझं मलाच दिसलं की मी बाकापाशी उभी राहून कपडे बदलते आहे आणि क्लासमधल्या एका कोरियन बाईशी केसांच्या तेलाबद्दल बोलते आहे.

त्या उन्हाळ्यात मी बारीक व्हायला लागले. मणी बेंबीखालून सरकत ओटीपोटावर आले, मग पार खुब्यांपर्यंत. मला आनंद झाला. का होऊ नये? पोहण्याचं फळ मिळतंय असं वाटलं. भूक तर आधीपेक्षा जास्त लागायची, भात दोनदा घेऊनही वजन उतरत होतं. इथल्या मराठी मंडळाच्या एका कार्यक्रमात ओळखीच्या एका काकूंनी हात धरून विचारलं, कुठलं डाएट गं, आम्हालाही सांग. माझ्यापेक्षा लहान मुली म्हणाल्या, यू लुक सो गुड. मी नवीन ब्लाऊज शिवायला टाकले. घाम खूप यायचा, त्याला मी वयाचं कारण दिलं. हात थरथरायचे, त्याला कॉफीचं. जिना चढल्यावर छाती धडधडायची, त्याला काहीच कारण दिलं नाही.

मावशी तेव्हा मुलाकडे बेलव्ह्यूला गेली होती. ती परत आल्यावर मी उत्साहानं तिच्याकडे गेले आणि म्हणाले की सर आता खूप सैल झालाय, थोडा लहान करून दे. कौतुकाची अपेक्षा होती, खोटं कशाला बोलू.

तिनं मला उभी केली आणि मणी कुठे आलेत ते बघितलं. मग माझा हात आपल्या हातात घेतला आणि तो थरथरतोय हे तिला जाणवलं. जेवतेस का, असं तिनं विचारलं. मी म्हणाले, आधीपेक्षा जास्तच.

"मग ते जातंय कुठे?"

मी पोहण्याचं सांगायला लागले. ती म्हणाली की तीही तेवढंच पोहते आणि तिचे मणी जिथल्या तिथे आहेत. तिच्या गावाकडे बाई अशी झटपट वाळली तर कुणी कौतुक करत नाही, घरी येऊन विचारतात काय झालं म्हणून. आमच्याकडेही पूर्वी तसंच विचारायचे, हे मला तिथे उभ्या उभ्या आठवलं.

कात्री टेबलावरच होती. तिनं ती उचलून ड्रॉवरमध्ये ठेवली.

"मी धागा कापणार नाही," ती म्हणाली. "आधी डॉक्टरकडे जा. डॉक्टरांनी सगळं ठीक आहे म्हटलं तर मी त्याच दिवशी लहान करून देईन."

मला थोडं वाईट वाटलं, थोडा रागही आला. गाडीत बसल्यावर मात्र मी गळ्यावर हात ठेवला आणि किती वेगानं नाडी चाललीय ते मला जाणवलं. गाडी सुरू न करता मी तिथूनच अपॉइंटमेंट घेतली.

माझी थायरॉइड ग्रंथी वाजवीपेक्षा फार जास्त काम करत होती. डॉक्टरबाईंनी रक्ताचे रिपोर्ट बघून मला शांतपणे समजावलं की शरीर स्वतःलाच जाळत होतं. हृदयाचे ठोकेही अधूनमधून चुकायला लागले होते. वेळेवर आलात, असं त्या म्हणाल्या. औषधानं हे आटोक्यात येईल, पण पोहणं सध्या बंद. ईसीजी काढायला आलेल्या कृष्णवर्णीय नर्सनं गाऊन सारखा करताना मणी बघितले. माझ्याकडे बघून ती हसली आणि चादर त्यांच्यावर नीट ओढून घेतली. हे काढा, असं काही ती म्हणाली नाही. कुणी दिले, एवढंच विचारलं. मी म्हणाले, मावशीनं.

तपासून आल्यावर आधी नवऱ्याला सांगितलं, मग मुलीला, मग मावशीला. नवरा घाबरला. त्या शनिवारी तो एकटाच गाडी काढून मावशीकडे जाऊन आला. तिथे काय बोलला ते त्यानं मला सांगितलं नाही. मावशीकडून कळलं की तो फारसं काही बोललाच नाही, आंब्यांची पेटी ठेवली, तिच्या अंगणातली मोडलेली फळी ठोकून दिली आणि निघताना हात जोडले. मुलगी बसनं घरी आली आणि शनिवार-रविवार माझ्यापाशी चिकटून राहिली. मंडळातल्या त्या काकूही वरणभात घेऊन आल्या. मी डाएट विचारत होते गं, असं म्हणून त्यांचे डोळे भरून आले. त्यात त्यांचा काय दोष. मलाही आरशात छानच दिसत होतं.

औषध लागू पडायला वेळ लागला. ते दिवस मी बहुतेक सोफ्यावर काढले. मावशी यायची. कधी सूप आणायची, कधी नुसतीच शेजारी बसून शब्दकोडी सोडवायची. हळूहळू धडधड कमी झाली. हात स्थिर झाले. झोप लागायला लागली. आणि एका सकाळी आंघोळीनंतर कपडे घालताना मला कळलं की मणी वर चढलेत. पुढच्या महिन्यांत ते परत आपल्या जागी आले, मग थोडे घट्टही झाले. नवीन ब्लाऊज उसवून सैल करून घ्यावे लागले. मंडळात कुणीतरी म्हणालं, अगं, परत भरलीस की. मी म्हणाले, हो ना, आणि मला इतकं बरं वाटलं की मी शिऱ्याची दुसरी वाटी घेतली.

परत पोहायला लागले तेव्हा पुन्हा थंडी आली होती. आणि नेमका तेव्हा धागा तुटला. मी भिंतीला पायानं रेटा देऊन निघाले होते, कमरेपाशी काहीतरी सुटल्यासारखं झालं, आणि माझ्या स्विमसूटच्या पायांतून हिरवे-पांढरे मणी पाण्यात सांडायला लागले. मी उभी राहिले आणि ओरडले. शिक्षिकेनं शिट्टी वाजवली. काच आहे म्हटल्यावर तिला फिल्टरची काळजी पडली, साहजिकच होतं. तिनं सगळ्यांना जागच्या जागी थांबायला सांगितलं. कुणी थांबलं नाही. कोरियन बाईनं गॉगल लावला आणि खाली गेली. दोन तरुण मुली पायाच्या बोटांनी मणी पकडायला लागल्या. मावशी उथळ पाण्यात उभी राहून सगळ्यांना सूचना देत होती, तिथे बघ, नळीपाशी बघ. शेवटी मी मोठा श्वास घेतला आणि डोकं पाण्याखाली घातलं. तोवर मी कधी पाण्यात डोळे उघडले नव्हते. तळाच्या निळ्या फरश्यांवर माझे मणी लुकलुकत होते आणि चारी बाजूंनी बायकांचे हात त्यांच्याकडे येत होते.

शिक्षिकेनं नंतर तळ जाळीनं तपासला, आणखी थोडे मिळाले. सगळे मणी एका ओल्या मोज्यात भरून मी घरी आणले.

मावशी आता बेलव्ह्यूला राहते, मुलाकडे. तिचे गुडघे आता माझ्यापेक्षा वाईट झालेत आणि तिथे नातवंडं आहेत. जाण्याआधी तिनं मला मेणाचा दोरा दिला आणि गाठ कशी मारायची ते शिकवलं. आम्ही रविवारी फोनवर बोलतो. पहिला प्रश्न तिचा ठरलेला असतो, मणी कुठे आहेत. मी खरं खरं सांगते. औषधाची गोळी मी रोज घेते आणि रक्त तपासायला जाते, ते तर आहेच. पण तिला सांगायचं म्हणून मी दर रविवारी स्वतःकडे नीट लक्ष देते. हे मला त्या बाईनं दिलं, जिची नि माझी ओळख केवळ दोघींना पोहता येत नव्हतं म्हणून झाली.

ते मोज्यातले मणी मी गेल्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत ओवले. मुलगी घरी होती. मापासाठी दोऱ्याचं एक टोक तिच्या हातात दिलं. ती माझ्या मागे गेली, दोरा फिरवून पुढे आणला आणि वाट बघत उभी राहिली.

"मॉम, आर यू ब्रीदिंग?" तिनं विचारलं.

मी हो म्हणाले. मग तिनं दोऱ्यावर बोट धरलं आणि मी तिथे खूण केली.